तपकिरी कल्ले

बांगड्याचा कल्ला उघडल्यावर आत लालभडक दिसला तर मासा आजचा, तपकिरी दिसला तर कालपरवाचा, आणि पांढुरका पडला असेल तर फुकट मिळाला तरी घरी आणू नये. हे मला कोणी मुद्दाम शिकवलं नाही. मालवणी घरातली मुलगी आईबरोबर पिशवी धरायला बाजारात गेली की तिला हे आपोआप कळतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं प्रकरण या एका रंगाचं आहे. ज्या माणसाने ते सुरू केलं त्याला या रंगाचा अर्थ ठाऊक नव्हता. मी तो सांगितला, आणि त्यानंतरही त्याने तेच करायला लावलं. माझा राग न कळण्यावर नाही. कळल्यानंतर जे झालं त्यावर आहे.

माझं काम व्हिडिओचे रंग बघण्याचं. साकीनाक्याला एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ आहे. खालच्या गाळ्यात पत्रा कापतात, शेजारच्या गाळ्यात मिठाईचे खोके छापतात, आणि मधल्या काळोख्या खोलीत मी मॉनिटरसमोर बसून जाहिरातींचे, लग्नांचे, कंपन्यांच्या फिल्म्सचे रंग ठीक करते. लोकांना वाटतं हे फोनमधल्या फिल्टरसारखं आहे, बटण दाबलं की झालं. तसं नाही. आधी रंगांची दुरुस्ती असते. कॅमेऱ्याने पिवळ्या दिव्याखाली भात पिवळा टिपला असेल तर तो पांढरा करायचा, एकाच जागेचे सकाळचे आणि दुपारचे शॉट एकमेकांना जुळवायचे. दुरुस्ती झाली की मग परिणामाचं काम. इथे निवड करावी लागते, आणि या निवडीबद्दल मी फार काटेकोर आहे.

सगळ्या चित्रावर एकच छटा चढवायची असेल, तर ते ढोबळ काम. आठवणीचा प्रसंग म्हणून पिवळट, दवाखाना म्हणून निळसर. तयार लूक मिळतात, ते शेकड्यांनी माझ्या मशीनमध्ये पडलेले आहेत आणि त्यातले बहुतेक मी वापरत नाही. एकदा एका लग्नाच्या व्हिडिओवर कोणीतरी असाच फॅशनमधला फिकट लूक टाकून दिला होता. त्यात हिरवे रंग सगळे धुऊन निघाले, आणि नवरीच्या हातातला हिरवा चुडा राखाडी झाला. मुलीच्या आईने आमच्या स्टुडिओत येऊन जो आवाज लावला तो पत्र्याच्या मशीनच्या वर ऐकू आला. ती बरोबर होती. तेव्हापासून तयार लूक लावायच्या आधी मी त्या चित्रातल्या कोणत्या रंगाला हात लागता कामा नये ते लिहून काढते. त्यानंतर येतं बारीक काम. चित्रातला फक्त एकच रंग उचलायचा आणि बदलायचा, किंवा एखाद्या वस्तूभोवती मास्क, म्हणजे न दिसणारी सीमारेषा, आखायचा, वस्तू हलेल तसा तो मास्क तिच्यामागे फिरवायचा आणि तेवढ्याच भागाचा रंग बदलायचा. हे बघणाऱ्याला कळत नाही. म्हणूनच हे करताना आपण काय करतोय ते स्वतःला नीट विचारावं लागतं.

त्यासाठी माझी वही आहे. प्रत्येक कामाला एक वही, वहीत चार रकाने: शॉट कुठला, काय बदललं, का बदललं, कोणी सांगितलं. चौथ्या रकान्यावरून सगळे माझी चेष्टा करतात. पण "आम्ही असं सांगितलंच नव्हतं" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वही उघडून पुढे सरकवते आणि चहा मागवते.

आता मावशीबद्दल. मुलुंडच्या आमच्या बाजारात एक कोळीण बसते. कांजूरच्या खाडीकडच्या गावठाणातली. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून टेम्पोने माल येतो, सातला ती पाट मांडून बसलेली असते. मी तिला मावशी म्हणते, ती मला बाय म्हणते, आणि वयात म्हणाल तर दहा वर्षांचंही अंतर नसेल. अख्ख्या बाजारावर निळ्या ताडपत्र्या आहेत. पलीकडे एक जण लाल छत्री लावतो, त्याचे सगळे मासे लाजल्यासारखे दिसतात. मावशीच्या जागेवर मात्र ताडपत्रीच्या खाली एक जाड पांढरी चादर ताणून बांधलेली असते. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली,

"निळ्याखाली म्हावरं मेलेलं दिसतं गो."

"मेलेलंच असतं ना, मावशी."

"मेलेलं असतं, पन आज मेलेलं. निळ्याखाली आठ दिसांचं वाटतं."

ती चादर वरचा निळा उजेड अडवते आणि रस्त्याकडून येणारा खरा उजेड खाली माशांवर परतवते. ज्याला आम्ही व्हाइट बॅलन्स म्हणतो आणि ज्यासाठी मी दिवसाचा पहिला तास घालवते, ते तिने एका चादरीत आणि चार सुतळ्यांत बसवलं होतं. तेव्हापासून मी तिच्याशिवाय कोणाकडून मासे घेतले नाहीत. आमच्या सोसायटीतली आणखी दहाबारा घरंही तिच्याकडूनच घेतात, कारण रविवारच्या ऑर्डरी मीच गोळा करते आणि यादी करून तिला देते. कोणाला सुरमईचे तुकडे जाड, कोणाला बांगडा डोक्यासकट, सगळं लिहिलेलं.

एका रविवारी गेले तर ती भलतीच खुशीत होती.

"शूटिंगवाले आल्ते! माजा पिक्चर काढला. कोळ्यांवर काय तरी करतायत. मी नवी साडी नेसलेली, गळ्यात सगलं घातलेलं."

"झकास! मग आता सही द्या."

"चेष्टा करतंस? बग तू. पन एक हाय, त्यांनी माजी चादर काढाया लावली. म्हनाले, मावशी, मध्ये येते."

मी यादी वाचत होते. चादरीचं ऐकलं, आणि सुरमईचे तुकडे मोजायला लागले. रंगाचं काम करणाऱ्या बाईने तिथेच थांबून विचारायला हवं होतं की चादर कशाच्या मध्ये येते. मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे एक जाहिरात आली. फोनवरून मासे मागवायचे, घरी आणून देणार, अशी एक कंपनी. तिचं नाव इथे लिहीत नाही, लिहिण्याची लायकी नाही म्हणून. जाहिरात साधी होती: आधी बाजार, मग कंपनीचं चकचकीत टेबल. फाइलवर लिहिलेलं, 'बिफोर, मार्केट'. पहिल्या दिवशी फक्त लांबचे शॉट होते. निळा उजेड, पाठमोऱ्या बायका, गर्दीचे पाय; बाजार कुठला ते कळत नव्हतं. त्यालाच जोडून कांजूरच्या कचऱ्याच्या डोंगराचा एक शॉट, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. सूचना अशी होती की दोन्ही एकाच जागेचे वाटले पाहिजेत. शॉट जुळवणं हे माझं रोजचं काम, त्यात माझा हातखंडा आहे. दोन्हींवर तीच हिरवट छटा, सावल्या तितक्याच काळ्या, रंग तितकेच मेलेले. तासाभरात बाजार आणि डंपिंग ग्राउंड एका भिंतीचे शेजारी झाले. वहीत नोंद केली आणि घरी गेले. म्हणजे त्या जाहिरातीतला पहिला हिरवा हात माझाच आहे. हे सांगायला मला आवडत नाही, पण नोंद आहे ती आहे.

दुसऱ्या दिवशी जवळचे शॉट आले आणि एजन्सीचा माणूसही आला. तिशीतला, बोलायला गोड, मला मॅडम म्हणणारा. मी पहिला शॉट लावला. एक हात बांगड्याचा कल्ला उघडून दाखवतोय. आत लालभडक. कॅमेरा वर गेला आणि मावशीचा चेहरा आला. नवी साडी, गळ्यात सगळं घातलेलं, आणि ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. घरी आलेल्या पाहुण्याला चांगलं ते काढून दाखवताना बाई जशी हसते, तशी.

"मॅडम, याला थोडं गंदं करा," एजन्सीचा माणूस म्हणाला.

"गंदं म्हणजे?"

"फील आला पाहिजे. शिळं, वास मारणारं. कालच्यासारखं ग्रीन मारा ना."

"हे मासे ताजे आहेत."

"दिसतायत ना ताजे, तोच तर प्रॉब्लेम आहे! आणि ते आतलं लाल फार डोळ्यात येतंय. ते डल करा. ब्राउन-बिऊन."

मी खुर्ची वळवली. "तुम्ही मासे खाता?"

"छे, मी अंडंही खात नाही."

म्हणून मी त्याला नीट समजावलं. हा कल्ला आहे, मासेखाऊ माणूस सगळ्यात आधी हेच बघतो, लाल म्हणजे ताजा, तपकिरी म्हणजे शिळा. तुम्ही म्हणताय तसं केलं तर ही बाई शिळा मासा दाखवून हसतेय असं दिसेल. माझी खरंच समजूत होती की हे ऐकल्यावर तो जीभ चावेल.

त्याचे डोळे चमकले. "अरे वा! मग तर बेस्ट ना! तेच तर दाखवायचंय, मॅडम. मास्क लावून होईल ना?"

होईल. अगदी सहज होईल. कल्ल्याभोवती मास्क, बोटांबरोबर तो फिरवायचा, लालाचा तपकिरी करायचा. अर्ध्या तासाचं काम.

मी वही उघडली, तीन रकाने भरले आणि पेन त्याच्यापुढे धरलं. "चौथ्यात तुम्ही तुमच्या हाताने लिहा. ताज्या माशाचा कल्ला तपकिरी करायला मी सांगितलं. खाली सही."

तो हसला. मी हसले नाही. मग तो म्हणाला, "तोंडी आहे ना, मॅडम."

"तोंडी मला ऐकू आलं. आता लेखी द्या."

"हे क्लायंटचं फीडबॅक आहे."

"मग क्लायंटचं नाव लिहा."

तो फोन घेऊन बाहेर गेला. दाराच्या काचेतून दिसत होता, येरझाऱ्या घालताना. जे बोलायला त्याला एक क्षण लागला नव्हता ते लिहायला त्याचा हात उचलत नव्हता. ज्या अर्थी लिहवत नव्हतं त्या अर्थी त्याला सगळं कळत होतं. आत आला तो माझ्याशी न बोलता मालकाच्या खोलीत गेला.

आमचा मालक माझ्याच वयाचा. आम्ही दोघं अंधेरीत एकाच ठिकाणी शिकाऊ होतो, त्यामुळे अरे-तुरे. तो आला आणि दार लावून घेतलं.

"काय चालवलंयस हे?"

"ती बाई माझ्या ओळखीची आहे. तिचा मासा शिळा नाही."

"अगं, तू रंग कर, न्याय करू नकोस. आइस्क्रीमच्या जाहिरातीत आइस्क्रीम म्हणून ठेवलेला कुस्करलेला बटाटा गुलाबी कोणी केला होता? तेव्हा कुठे गेली होती तुझी वही?"

"त्या बटाट्याचं दुकान नव्हतं रे. हिचं आहे."

त्याला पटलं असावं असं मला अजून वाटतं. पण पटलं म्हणून त्याने काही केलं नाही. एवढंच म्हणाला, "तुला नको असेल तर दुसऱ्या खोलीत देतो. आणि कागदावर सही केलीयेस, लक्षात ठेव. बाहेर एक शब्द जाता कामा नये." ते खरं होतं. प्रत्येक कामाच्या वेळी असा कागद असतो, रिलीज होईपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही. काम दुसऱ्या खोलीत गेलं. जाता जाता त्या माणसाची आणखी एक सूचना माझ्या कानावर पडली: कंपनीच्या टेबलावरच्या माशांच्या कल्ल्यातलं लाल रक्तासारखं दिसतंय, ते पुसून स्वच्छ पांढरं करा. या वेळी मी पांढऱ्या कल्ल्याचा अर्थ सांगायला गेले नाही. समजावून सांगण्याचा परिणाम मी नुकताच बघितला होता.

यानंतर तीन रविवार मी यादी घेऊन बाजारात गेले. तिन्ही रविवारी तिने विचारलं, "कवा येनार गो माजा पिक्चर?" पहिल्या रविवारी मी म्हटलं, वेळ लागतो, मावशी. दुसऱ्या रविवारी म्हटलं, बघू या. तिसऱ्या रविवारी मी पिशवी घेतली आणि घाईत असल्यासारखी निघाले. मी स्वतःशी ठरवलं होतं की मी माझ्यापुरतं काम नाकारलं, बास. नाकारणं आणि सांगणं यांत केवढं अंतर आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. नोकरी मलाही हवी होती.

जाहिरात आली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी टाकली, वर लिहिलं, 'बघा, आपण काय खातो!' मी ती माझ्या मॉनिटरवर लावून बघितली, थांबवून थांबवून. काम सफाईदार होतं. कल्ला तपकिरी, अगदी खरा वाटावा असा. बोटांवर हिरवट झाक. त्याच्या पाठोपाठ कचऱ्याचा डोंगर आणि घारी, माझ्या हाताने जुळवलेल्या. मग एकदम उजेड, निळं-पांढरं टेबल, हातमोजे घातलेले हात, आणि पांढुरक्या कल्ल्याची सुरमई. माझी आई ती सुरमई बघून दुकानदाराला दोन शब्द ऐकवून आली असती. पण ग्रुपवर कोणालाही तसं वाटलं नाही. 'किती हायजिनिक!' एकीने लिहिलं. म्हणजे लाल असायला हवं तिथे पांढरं बघून लोक खूश, आणि जिथे खरोखर लाल होतं तिथे तपकिरी बघून नाकं मुरडलेली. त्या रविवारच्या माझ्या यादीत माझं धरून तीनच घरं उरली. बाकीच्यांनी कारण दिलं नाही. "या वेळी नको," एवढंच. जी माणसं वर्षानुवर्षं तिच्या हातचं कापून घेऊन खात होती, एकदाही कोणाचं पोट दुखलं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या जिभेपेक्षा अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओवर विश्वास ठेवला. मला त्या एजन्सीवाल्याचा आला नव्हता इतका राग माझ्या शेजाऱ्यांचा आला.

मी बाजारात पोचले तेव्हा मावशीने पाटाखालून फोन काढून माझ्यापुढे धरला. सुनेने दाखवलं होतं.

"यो हात कुनाचा?"

"तुमचा."

"हात माजा. बांगड्या माज्या. म्हावरं माजं नाय." तिने फोन जवळ नेला. "तू हेच काम करतंस ना? रंगाचं?"

"हो."

"मंग तुना ठाव व्हतं."

मी हो म्हणाले. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि खोटं बोलायला तोंडही नव्हतं.

"कवापासनं?"

"तीन आठवडे."

तिने बोटांवर रविवार मोजले. शेजारची कोळीण हात थांबवून बघायला लागली. "तीन ऐतवार माज्याकडशी म्हावरं न्हेलंस गो तू," मावशी म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी कागदाचं सांगितलं, सहीचं सांगितलं, मी ते काम केलं नाही हे सांगितलं. मग लांबचे शॉट मीच केले होते तेही सांगितलं, कारण निम्मं सांगून भागणार नव्हतं.

"सही मीबी केली," ती म्हणाली. "विंग्रजी कागद व्हता. मना म्हनाले, मावशी, हितं मारा, टीव्हीवर दिसाल. दिसले ना!" शेजारणीकडे वळून म्हणाली, "कचऱ्यात बसलेली दिसले." त्यावर शेजारीण हसली आणि मावशीही हसली, आणि ते हसणं ऐकवेना.

मी म्हटलं, मी हे निस्तरते. माझ्या स्वभावात ते आहे, काही बिघडलं की कामांची यादी करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी करड्या रंगाचं कार्ड घेऊन गेले, ज्यावरून कॅमेऱ्याला खरा रंग सांगता येतो. चादर पुन्हा बांधलेली होती. कार्ड माशांशेजारी धरलं, कॅमेरा त्यावर बसवला, आणि एकामागून एक कल्ले उघडून व्हिडिओ काढला. बांगडे, सुरमई. पापलेटाचं वेगळं, ते कल्ल्यापाशी दाबून दाखवलं: पांढरं पाणी आलं की ताजं, लालसर आलं तर नाही. एकाही रंगाला हात लावला नाही. वीस वर्षांत मी बाहेर पाठवलेला हा पहिला व्हिडिओ ज्यावर मी काहीच केलं नव्हतं. ग्रुपवर टाकला आणि खाली स्पष्ट लिहिलं की हा आज सकाळचा आहे, जाहिरातीतला रंग बदललेला आहे, हा बदललेला नाही.

पहिलं उत्तर आलं, 'वॉव, मस्त कलर्स! कोणता फिल्टर?'

दुसरं उत्तर चौथ्या मजल्यावरून. 'जरा जास्तच लाल नाही वाटत? हल्ली रंग लावतात म्हणे.'

मी फोन उपडा ठेवला आणि बराच वेळ स्वयंपाकघरातला ओटा पुसत बसले. पुसायला काही नव्हतं. तपकिरी रंग माणसांनी बसवला होता, तो यांना खरा वाटला. लाल रंग माशाचा स्वतःचा होता, तो फिल्टर. आणि मी कोणत्या तोंडाने बोलणार? लोकांच्या डोळ्यांना ही सवय लावणाऱ्यांत मी वीस वर्षं आहे. चेहरे उजळ, भाज्या हिरव्यागार, आभाळ निळंशार. खरा रंग दाखवला की त्यांना तो कमी पडतो, नाहीतर जास्त वाटतो.

मी मावशीला दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. लपवालपवी एकदा करून झाली होती.

"रंग लावते मी?" ती ताडकन उठली. "माज्या आयशीनं नाय लावला, सासूनं नाय लावला! त्या बायला बोलव हितं. बोट घालून बगू दे."

"त्या नाही येणार, मावशी."

"मंग जे येतील त्यांना तू दाखव. फोन ठेव घरी. ऐतवारी सातला ये आनि माज्या बाजूला बस. येल त्याच्यापुढं कल्ला उघडायचा. रंगाची मोटी मास्तरीन ना तू?"

म्हणून रविवारी सातला मी तिच्या बाजूला, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. ओळखीची माणसं समोरून जात होती. काही जण थांबले, काही जण मला बघून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेले. सोसायटीतले एक काका म्हणाले, "अहो, तुम्ही इथे?" मी म्हटलं, "हो, कल्ला बघा." त्यांनी बघितला आणि अर्धी सुरमई घेतली. दोन बायका बघून, मान हलवून, काही न घेता गेल्या. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. बाय म्हणाली नव्हती एकदाही. हातांना वास, नखांत खवले, आणि मी उघडत होते, दाखवत होते.

नऊच्या सुमारास एक जोडपं आलं. पंचविशीतलं, नवीन टॉवरमधलं असावं. मुलगी म्हणाली, "याच त्या ॲडमधल्या आहेत ना?" नवऱ्याने लगेच फोन काढला. मी कल्ला उघडला. त्याने फोटो घेतला, पडद्यावर दोन बोटांनी मोठा केला, मग जाहिरात लावली, मग पुन्हा फोटो. दोघं डोकं जोडून पडद्यात बघत होते. त्यांच्या पायांशी, हातभर अंतरावर, मासा होता.

"खाली बघा," मी म्हटलं. माझा आवाज चांगलाच चढला असणार, कारण पलीकडचा लाल छत्रीवालाही वळला. "फोनमध्ये काय बघताय? मासा खाली आहे!"

"घ्यायचा नसंल तर फोटू कशाला काढता?" मावशीने जोड दिली. "यो काय हिरो हाय?"

नवरा ओशाळला. मुलगी मात्र खाली बसली, ओढणी आवरून, उकिडवी. माझ्या हातातला बांगडा तिने घेतला, थोडी घाबरत. मी दाखवलं तसं बोट आत घातलं आणि कल्ला स्वतः उघडला. बराच वेळ बघितलं.

"हे असंच असतं? इतकं लाल?"

"ताजं असलं की असंच असतं."

"रंग लावत नाहीत ना?"

"पुसून बघा."

तिने अंगठ्याने चोळलं. अंगठा बघितला, मग पुन्हा कल्ला बघितला. मावशीने तोवर कोयता हातात घेतला होता.

"बोल पोरी, किती करू? दोन का चार?"

"चार," मुलगी म्हणाली. "डोकं ठेवा."